सुनेच्या हातचं पनीर

हे मी आजवर तोंडातून काढलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकाला नाही, देवीपुढंही नाही — देवीपुढं तर मी खोटंच बोलले. नवरा जाऊन चार वर्षं झाली, त्याला ठाऊक नसतानाच तो गेला. तुम्ही कोण, कुठले, मला माहीत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येतंय. माझी शाळा चौथीपर्यंत. सजवून लिहिता येत नाही, आणि यात सजवण्यासारखं काही नाहीच.

तर आधी पनीर. हसू नका. गोष्ट पनीरचीच आहे.

आमचं गाव कडा या बाजारगावाजवळ. दारात दोन म्हशी. सकाळचं दूध डेअरीला जातं, संध्याकाळचं घरात राहतं. दूध फाटलं की ते म्हशीच्या आंबोणात ओतायचं, नाहीतर गूळ घालून पोरांच्या हातावर ठेवायचं — मला एवढंच ठाऊक. पनीर बघितलेलं ते लग्नाच्या पंगतीत, लाल तेलकट रश्श्यात पोहणारं, रबरासारखं. ती घरी करायची वस्तू आहे असं कधी वाटलंच नाही.

मग वर्षा आली. माझा एकुलता एक लेक दत्ता, त्याची बायको. पाटोद्याकडची, बारावी शिकलेली, तोंडानं मोकळी. मला आत्याबाई म्हणते. समू, माझी नात, पाच-सहा वर्षांची असेल तेव्हाचा उन्हाळा. दूध आपोआप फाटलं. मी पातेलं उचलून गोठ्याकडं निघाले तर ही आडवी आली. "थांबा आत्याबाई, टाकू नगा. ह्याचं लई काय काय होतंय."

तिनं वरून अर्धं लिंबू पिळलं. पाणी हिरवट सुटेपर्यंत ढवळलं, धुतलेल्या पंच्यात गाळलं, गाठ मारली आणि गाठोड्यावर पाटा ठेवला. तासाभरात घट्ट वडी. खालची निवळीसुद्धा सांडली नाही, तिच्यात धपाट्याचं पीठ मळलं. वडीचे तुकडे तव्यावर दोन्ही अंगांनी लालसर केले. भाजलेल्या धान्याचं येसर आमच्याकडं घरोघरी डब्यात असतं, त्याच्या आमटीला उकळी आली की मग तुकडे सोडले. आधी नाही. आधी सोडले तर चिवट होतात.

नवरा जेवता जेवता थांबला. म्हणाला, "लई भारी झालंय. कुणी केलं?" आणि ताट पुढं सरकवलं.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? चाळीस वर्षं मी त्या माणसाला रांधून घातलं. बाळंतीण होते तरी बाराव्या दिवशी चुलीपुढं बसले. 'मीठ कमी हाय' यापलीकडं त्याच्या तोंडून शब्द आला नाही. आणि ही कालची पोर फाटक्या दुधावर 'लई भारी' घेऊन गेली?

राग यायला हवा होता नवऱ्याचा. आला सुनेचा. नवऱ्यावर काढायची माझी छाती नव्हती, सुनेवर काढायला काय लागतं?

इथं हात अडतोय. अडू दे. लिहिणार आहे.

घरात आंबट ताकाचा तांब्या कायम असतो. संध्याकाळी वर्षा दूध गॅसवर ठेवून म्हशींना वैरण टाकायला जायची. मी दोन पळ्या ताक त्या दुधात ओतलं. पांढऱ्यात पांढरं — कोण ओळखणार? ती परत आली तेव्हा पातेल्यात नुसत्या गुठळ्या. मला वाटलं, आता घाबरेल, बोलणी खाईल, रडेल. ती कमरेवर हात ठेवून पातेल्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "चला, आज भुर्जी." आणि पंचा काढला.

मी फाडत गेले, ती शिजवत गेली. कांद्याची पात बारीक चिरून, पनीर हातानंच कुस्करून, हिरवी मिरची ठेचून भुर्जी. कोवळी मेथी लसणावर परतून शेवटी त्यात पनीर, झाकण न ठेवता. शेंगदाण्याचं कूट आणि काळा मसाला लावून तव्यावर खरपूस केलेले तुकडे, भाकरीत गुंडाळून दत्ताच्या डब्यात. एकदा तर ओलसर पनीरमध्ये गूळ नि वेलची घालून पोळीत भरलं. तुम्हाला हवं तर करून बघा, सगळं चांगलं होतं. मीही खाल्लं. बोटं चाटून खाल्लं, आणि खाताना आतून जळत होते.

समू दारातून ओरडत यायची, "आजी, आज दूध कवा फाटणार?" सगळे हसायचे. दत्ता म्हणायचा, "म्हशीलाच सांगून ठिव, रविवारी फाटकंच दे म्हणून." माझ्या लबाडीवर माझं घर हसत होतं, खूश होतं. हे मला सहन होईना.

जवळच्या धाब्याचा मालक समूच्या वाढदिवसाला जेवून गेला. निघताना वर्षाला म्हणाला, "वहिनी, असं पनीर मला दर रविवारी द्या. मसाल्याचं आमी बघतो." त्या दिवसापासून पोरीचे पाय जमिनीवर नव्हते. चार घरी जाऊन जादा दुधाचं बोलून आली. सुताराकडून भोकं पाडलेली लाकडी पेटी करून घेतली, वड्या सारख्या पडाव्यात म्हणून. पुढच्या रविवारपासून सुरू करायचं ठरलं. स्वतःचं असं पहिलं काम. मला विचारायची, "आत्याबाई, जमंल ना वो?" मी म्हणायची, "बघ बाई तुझं तू."

त्याच आठवड्यात मी पुन्हा दूध फाडलं. जेवताना नवरा म्हणाला, "हे कावून फाटतंय सारखं? म्हशीलाच काय तरी झालंय. उद्या दूध डेअरीत नेतो, तपासून घेतो."

तपासून. काय तपासतात, काय कळतं, मला काय माहीत? आणि माझ्या तोंडून निघालं — ठरवून नाही, पण निघालं — "म्हशीला काय न्हाई झालं. तुमच्या सुनेला इचारा, अडचणीच्या दिवसांत दुधाला हात लावती का न्हाई ते."

नवऱ्याचा घास हातातच राहिला.

वर्षा म्हणाली, "आत्याबाई, काय बोलताव? आपल्या घरात कोण पाळतंय ते? तुमीच म्हणला व्हता, काम कोण करील मग."

खरं होतं. माझ्या सासूच्या काळात मी बाजूला बसायची. मग सासू गेली, घरात दुसरी बाई उरली नाही, आणि विटाळ आपोआप संपला. काम पडलं की देवसुद्धा चालवून घेतो.

मी म्हणाले, "म्हणले असंन. आता फळं दिसायलीत न्हवं? का मी देवीपुढं खोटं बोलू?" आणि देवीच्या फोटोकडं हात केला. नवऱ्यानं घास ताटात टाकला, उठला, हात धुतले. दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं ताट तसंच राहिलं. दत्ता खाली बघत बसला. माझा लेक. बायकोला समोर असं बोललं गेलं आणि तो भाकरीचा पापुद्रा सोलत बसला.

नवऱ्यानं सांगितलं, दर महिन्याला चार दिवस तिनं ओसरीत बसायचं. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही.

खोटं तिथं थांबलं असतं तरी एक वेळ पुष्कळ झालं असतं. पण मला ते खरं करून दाखवायचं होतं. मी तिचे दिवस मोजले. बाईनं बाईचे दिवस मोजले! ती ओसरीत असायची आणि आत, ज्या दुधाला तिचं बोटही लागलेलं नाही, ते मी फाडायची. असे तीन महिने. बाकीचे दिवस दूध शाबूत. नवरा म्हणाला, सावली पडत असंल. मग तिला ओसरीतून गोठ्याशेजारच्या खोलीत बसवलं. तेव्हा मी थांबले, कारण आता गरज उरली नव्हती. "बघा," नवरा म्हणाला, "फाटायचं थांबलं का न्हाई?"

आणि मी एवढ्यावर घरात गप्प बसले का? नळावर जाऊन सांगितलं, तिच्या हातानं दूध नासतं. चारही घरांनी दूध द्यायला नकार दिला. धाबेवाल्याच्या कानावर गेलं, तो फिरकला नाही. रोज ताक घुसळणाऱ्या बाया त्या! दूध आंबटानं फाटतं हे त्यातल्या एकीला ठाऊक नव्हतं? सगळ्यांना होतं. पण कुणाची तरी सून वर निघाली होती ना, मग विश्वास ठेवायला कितीसा वेळ लागतो? मला त्यांचा अजून संताप येतो. माझ्या खोट्याला एकीनं तरी विरोध करायला हवा होता. एकीनंही केला नाही.

एक दिवस वर्षा माझ्याजवळ आली. भांडायला आली असं वाटून मी तयारीत होते. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, माझ्यातच काय तरी वंगाळ हाय का वो?"

तिला खरं वाटायला लागलं होतं. बारावी शिकलेल्या, लिंबानं दूध फाडणाऱ्या बाईला! मी काय म्हणाले सांगू? म्हणाले, "आता कळलं न्हवं? मग जपून ऱ्हा."

त्यानंतर तिनं घरी पनीर केलं नाही. त्या लाकडी पेटीत आम्ही लसूण ठेवतो. कधी पनीर आलंच तर दत्ता कड्याच्या दुकानातून पाकीट आणतो. पाण्यात कितीही भिजवा, दाताखाली करकरतं.

तुम्ही म्हणाल, जुनी गोष्ट, म्हातारी बाई, तिच्या नवऱ्यानं तिला कधी मान दिला नाही, तिला तरी काय मिळालं. असलं काही माझ्यासाठी शोधू नका. आणि जुनी असती तर मी लिहायला बसलेच नसते.

समू आता सातवीत आहे. यंदा तिला पाळी आली. गोठ्याशेजारच्या खोलीत तिचं बस्कर तिच्या आईनंच टाकलं. मी नाही — आईनं. समू भांडली. "आमच्या मॅडम म्हणल्या, दूध आंबटानं फाटतं. बाईनं फाटत न्हाई."

वर्षा म्हणाली, "मॅडमनी बघितलं नसंल. मी बघितलंय. माझ्यापायी फाटलंय."

मी तांदूळ निवडत होते. निवडत राहिले.

गेल्या महिन्यात, पाळीच्या दुसऱ्या दिवशी, पोरगी खोलीतून उठून सरळ आत आली. दुधाच्या पातेल्यात बोट बुडवलं आणि गॅस पेटवला. "आई, आता बघ. फाटलं तर मी गुमान बसंन. न्हाई फाटलं तर मी बी बसायची न्हाई अन् तू बी बसायचं न्हाई."

मला वाटलं, वर्षा आता तिला फटकावणार. ती ओरडली नाही. ओट्याला धरून उभी राहिली आणि पातेल्याकडं बघायला लागली. तिच्या तोंडाकडं मी बघितलं. दूध फाटू नये म्हणून ती श्वास धरून उभी होती.

तेवढ्यात रेडकू सुटलं आणि अंगणातल्या वाळवणात शिरलं. मायलेकी दोघी धावल्या. आत मी आणि गॅसवरचं दूध.

सांगा, मला काय करायचं होतं? काहीच नाही. नुसतं उभं राहायचं होतं. सात वर्षांत पहिल्यांदा काहीच न करता सगळं सरळ होणार होतं. पण दूध शाबूत राहिलं असतं तर वर्षानं आधी दुधाकडं बघितलं असतं आणि मग माझ्याकडं. त्या बघण्याला मी भ्याले. बाकी काही कारण नाही. मी ताकाची पळी भरली.

दोघी परत आल्या. वर्षानं पातेल्यात डोकावलं आणि डोळे मिटून घेतले. समू मात्र वाकून बघत राहिली, पार तळ दिसेस्तोवर बघत राहिली. मला वाटलं, वास घेईल, चव घेईल, मॅडमचं काहीतरी बोलेल. दुधात बुडवलेलं बोट तिनं फ्रॉकला पुसलं, पुन्हा पुसलं, आणि गोठ्याकडच्या खोलीत जाऊन बसली. तिला कुणी सांगावं लागलं नाही.