आरगॉनला वास नसतो

ताटात पुरणपोळी वाढून झाली होती. तूप यायचं होतं. तेवढ्यात साहेबांच्या सासऱ्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालास?"

मी सांगितलं.

त्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांची बायको तुपाची वाटी घेऊन येत होती, ती अर्ध्यातून आत वळली. चेन्नईतल्या वेलचेरीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. पंखा फिरत होता, टीव्ही चालू होता. मी ताटावर बसून होतो. घासाला हात लावला नव्हता.

साहेब हसले. म्हणाले, "बरं झालं तू आलास. बाथरूमचं तुंबलंय, चार दिवस झाले. इथं माणूसच मिळत नाही. तुला येत असेल ना?"

मी उठलो.

ह्याचीच मला जास्त लाज वाटते. ते बोलले त्याची नाही, मी उठलो त्याची. पाडव्याला जेवायला बोलवलं म्हणून नवा शर्ट घातला होता. त्याची बाही दुमडली, जाळी काढली, कोपरापर्यंत हात आत घातला. केस निघाले. साबणाचा काळा चिखल निघाला. पाणी घुरघुर करत गेलं. मागून साहेबांची बायको म्हणाली, "हात बाहेरच्या नळावर धू हं." आवाज गोड होता. मग पुरणपोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्या. "रूमवर जाऊन निवांत खा."

मी "बरं" म्हणलो. रूमवर जाऊन खाल्ल्या. भूक लागली होती. हेपण सांगून टाकतो.

दोन हजार सात-आठ सालातली ही गोष्ट. मी चोवीस वर्षांचा. परभणीकडचा. बाप नगरपालिकेत गटारं काढायचा. मी निघालो तेव्हा त्यानं एकच सांगितलं, "खाली उतरायचं सोडून काहीबी कर." म्हणून मी चेन्नईला आलो. इथं मला कोणी ओळखत नव्हतं. तमिळ लोकांना आमचं आडनाव म्हणजे नुसता एक आवाज. मला ते बरं वाटायचं. पण चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या बाहेर ज्या वेल्डिंग शॉपमध्ये मी लागलो, तिथं प्रॉडक्शन मॅनेजर पुण्याचे निघाले, हेच साहेब. मराठी ऐकून त्यांनीच मला हाक मारली होती. "आपल्याकडचा माणूस" म्हणाले होते.

पाडव्यानंतर त्यांनी ते म्हणणं सोडलं.

शॉपमध्ये टाक्या बनायच्या. मोठ्या कारखान्यांना लागतात तशा, माइल्ड स्टीलच्या, वर माणूस उतरेल एवढं गोल तोंड. मी हेल्पर होतो. ग्राइंडर मारायचो, प्लेटा उचलायचो. साहेब जवळून जाताना थांबायचे आणि हळूच मराठीत बोलायचे. "काय रे, सवय आहे ना घाणीत हात घालायची? मग प्लेट का चिकट राहिली?" चेहरा हसरा. बाजूच्या माणसांना वाटायचं, दोघं गाववाले आहेत, सुखदुःखाचं बोलतायत. एकदा एकजण मला म्हणालासुद्धा, "तुमचा साहेब फार चांगला दिसतो." माझ्या आईच्या भाषेत मला शिव्या पडत होत्या आणि पन्नास माणसांत त्या एकट्या मलाच ऐकू येत होत्या. मला मराठी बोलणाऱ्या माणसाची भीती वाटायला लागली. बाजारात लांबून मराठी ऐकलं तरी मी रस्ता बदलायचो.

टिग वेल्डिंग मला अंतोणी अण्णांनी शिकवलं. पन्नाशी उलटलेले, शॉपमधले सगळ्यात जुने वेल्डर. मी सहज विचारलं होतं. ते म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत ये." बस्स.

पहिले पंधरा दिवस त्यांनी मला विजेचा आर्क लावूच दिला नाही. भंगारातले तुकडे दिले. म्हणाले, घास. माइल्ड स्टीलवर काळी साय असते, ती पूर्ण निघून आतलं चांदीसारखं लोखंड दिसायला पाहिजे. मग टंगस्टनची सळई चाकावर टोकदार करायची, घासल्याच्या रेषा लांबीच्या दिशेनं. आडव्या आल्या की अण्णा टोक मोडून परत हातात द्यायचे.

मग टॉर्च, म्हणजे आर्क आणि गॅस सोडणारी वेल्डिंगची मूठ. उजव्या हातात टॉर्च, डाव्या हातात फिलरची तार, तोंडावर काळी काच. आर्क लागला की काचेतून आधी काहीच दिसत नाही, मग एक थेंब दिसतो. वितळलेल्या लोखंडाचा, पाण्यासारखा थरथरणारा. त्याला सांभाळत पुढं न्यायचं. टंगस्टन आणि थेंब यांच्यात तांदळाच्या एका दाण्याएवढं अंतर. मी दहा वेळा टोक थेंबात बुडवलं. दहा वेळा आर्क हिरवट झाला, टोकाला गोळा आला, परत चाकावर जाऊन घासायला लागलं. पंखा लावता येत नाही. थेंबावर सोडलेला आरगॉन गॅस वाऱ्यानं उडतो आणि जोडाच्या शिवणीत भोकं पडतात. चेन्नईचा मे महिना, पत्र्याचं छत, पंखा बंद. घाम हनुवटीवरून ठिबकायचा. मानेची कातडी सोलून निघाली, कारण शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवलं होतं.

"मेदुवा," अण्णा म्हणायचे. सावकाश. "मेदुवा, तंबी."

तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मला तिथं कोणी एवढंही म्हणत नव्हतं.

दोन महिन्यांनी एक शिवण सरळ आली. एकावर एक नाणी सरकवून ठेवावीत तशी. अण्णांनी त्यावरून अंगठा फिरवला. तुकडा खिशात टाकला आणि जेवायला गेले.

त्याच दिवसांत त्यांनी गॅसचं सांगितलं. आम्ही आरगॉनच्या सिलिंडरजवळ बसलो होतो. ते म्हणाले, "हा विषारी नाही. जळत नाही. वास नाही, रंग नाही. पण हवेपेक्षा जड आहे. खोलगट जागेत खाली साठत जातो आणि हवा वर ढकलतो. माणूस आत गेला की खोकला येत नाही, गुदमरल्यासारखं होत नाही. दोन श्वास, आणि गुडघे जातात."

मला पुढचं सांगायची गरज नव्हती. माझा चुलता असाच गेला. एका सोसायटीच्या मैल्याच्या टाकीत. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही वर आला नाही. मी नऊ वर्षांचा होतो. दोघांना टाकीच्या कडेला शेजारी शेजारी झोपवलं होतं. सोसायटीतली माणसं गॅलरीत उभी होती. खाली कोणी आलं नाही.

अण्णांना हे मी सांगितलं नाही. फक्त विचारलं, "मग कळणार कसं?"

"कळत नाही," अण्णा म्हणाले. "म्हणून आधी बघायचं. दिवा सोडून बघायचा."

त्यानंतर टाकीच्या तोंडाशी उभं राहिलं की मला आत बघवायचं नाही. आतून कसला आवाज यायचा नाही. टाकी फक्त उघडी असायची.

जूनमधली एक सकाळ. आमची पाळी सुरू झाली. चार नंबरच्या टाकीजवळ सिलिंडर उभा होता. आदल्या संध्याकाळी तो मीच नवा लावला होता, भरलेला. आता काटा शून्यावर. नळी टाकीच्या तोंडातून आत गेलेली. ठेक्यावरचा एक वेल्डर शेवटची बस पकडायच्या घाईत टॉर्च आतच टाकून गेला होता. टॉर्चचा कॉक बंद केला नव्हता. अख्खा सिलिंडर टाकीत रिकामा झाला होता.

मी शिडीवर उभा राहून आत बघितलं. स्वच्छ होतं. तळाला टॉर्च पडलेली दिसत होती. तिच्याशेजारी कोणाचा तरी हातमोजा. इतकं स्वच्छ, इतकं शांत, की उतरावंसं वाटावं.

साहेब खालून म्हणाले, मराठीत, "काय बघत बसलायस? उतर, टॉर्च काढ. बाराला इन्स्पेक्शन आहे."

मी म्हणलो, "साहेब, आत गॅस आहे. सिलिंडर पूर्ण रिकामा झालाय."

"आरगॉन आहे तो. विषारी नसतो. शिकवू नकोस मला."

"हवा नाही साहेब आत."

ते शिडीला हात लावून जवळ आले. आवाज खाली आणला. मराठीतच. "तुमच्या लोकांना टाकीत उतरायला काय रे झालं? पिढ्यान्‌पिढ्या उतरताय. आजच हवा लागायला लागली?"

मी शिडीवरून जमिनीवर आलो. "मी नाही उतरणार," एवढंच निघालं तोंडातून.

आयुष्यात पहिल्यांदा मी नाही म्हणलो होतो. मला वाटलं होतं, नाही म्हणलं की गोष्ट संपते.

साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मान वळवली आणि हाक मारली, "अंतोणी."

अण्णा आले. साहेबांनी तमिळमध्ये सांगितलं, टॉर्च काढा. अण्णांनी काट्याकडे बघितलं. नळीकडे बघितलं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांची धाकटी पोरगी नर्सिंगला होती, नोकरीची तीन वर्षं राहिली होती. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मला हळूच म्हणाले, "श्वास धरून जातो. एक मिनिटाचं काम."

आणि शिडी चढायला लागले.

माझा नकार मला वाचवणार होता आणि मरण एका पायरीनं पुढं सरकवणार होता. त्या माणसाकडे, ज्यानं मला शिकवलं. मी एवढ्यावर थांबलो असतो तर अण्णा गेले असते. मग त्यांना काढायला कोणीतरी गेलं असतं. माझ्या डोळ्यांसमोर टाकीच्या कडेला दोन माणसं झोपवलेली दिसली. त्यातलं एक तोंड अण्णांचं होतं.

मी पलीकडच्या बाजूनं टाकीवर चढलो आणि तोंडावर बसलो. दोन्ही पाय बाहेर, सगळं अंग तोंडावर. अण्णांचा हात कडेवर आला होता, तो तिथंच राहिला.

"ऊठ," साहेब मराठीत म्हणाले. "ऊठ म्हणतो ना. नाटकं करू नकोस. आपण नंतर बोलू."

मी पहिल्यांदा त्यांना तमिळमध्ये उत्तर दिलं. माझी तमिळ तुटकी. पण मोठ्यानं बोललो, सगळ्या शॉपला जाईल एवढ्या आवाजात. "उळ्ळे काथु इल्ले." आत हवा नाही. मग साहेब मला आत्ता मराठीत काय म्हणाले ते सांगितलं. तुमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या उतरतात, म्हणाले. हे सांगितलं. वेलचेरीतलं बाथरूमही सांगितलं. आजवर जे फक्त मला ऐकू यायचं ते पन्नास माणसांच्या भाषेत टाकलं.

ग्राइंडर एकेक करून बंद झाले.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "खोटं बोलतोय," ते तमिळमध्ये म्हणाले.

"दिवा सोडा," मी म्हणलो. "मगच मी उठतो."

अण्णांनी खाली बघून कोणाला तरी खूण केली. एकानं लांब तारेला कापसाचा बोळा बांधला, तेलात बुडवून पेटवला आणि वर दिला. मी जरा बाजूला सरकलो. अण्णांनी तार आत सोडली. जाळ चांगला मोठा होता. तोंडापासून हातभर खाली गेला आणि विझला. फडफडला नाही. कोणीतरी चिमटीत धरावा तसा विझला. परत पेटवला. परत तिथंच विझला.

अण्णा शिडीवरच खाली बसले.

कॉम्प्रेसरची हवा दुपारपर्यंत टाकीत सोडली. इन्स्पेक्शन पुढं गेलं. मला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. परत मराठी. "चारचौघांत आपल्या माणसाची अब्रू काढलीस. लेखी माफी दे, विषय संपवू."

मी तमिळमध्ये म्हणलो, "देणार नाही."

"माझ्याशी मराठीत बोल."

"देणार नाही," मी परत तमिळमध्ये म्हणलो.

संध्याकाळी वॉचमननं सांगितलं, उद्यापासून तुझं नाव गेटवर नाही. सुरक्षा नियम मोडले, असं कागदावर होतं. टाकीच्या तोंडावर बसलो हा माझा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेटच्या बाहेर उभा राहिलो. पाळीच्या बसेस आल्या. माणसं उतरायला लागली. ठेक्यावरची नवी माणसं होती, ओरिसाची, बिहारची, आंध्रची. ज्यांना आरगॉन म्हणजे काय हे कोणी सांगितलं नव्हतं. मी प्रत्येकाला गाठलं. मोडक्या तमिळमध्ये, मोडक्या हिंदीत सांगितलं. टाकीत उतरायच्या आधी दिवा सोड. विझला तर उतरू नको. तू नाही म्हणालास म्हणून दुसऱ्याला पाठवतील, त्यालाही उतरू देऊ नको. काही थांबले. बरेच थांबले नाहीत. अण्णा बसमधून उतरले, मला बघितलं, मान खाली घालून आत गेले.

वॉचमन काठी घेऊन आला. चांगला माणूस होता, मला दोनदा चहा पाजलेला. म्हणाला, "जा बाबा. साहेब वरून बघतायत. पोलीस बोलवतील."

मी वर बघितलं. काचेमागं साहेब उभे होते.

"त्यांना सांग," मी म्हणलो, "दुसऱ्या पाळीलाही येणार आहे. उद्याही येणार. ह्या रस्त्यावर टाक्या बनवणारी अजून बरीच शॉप आहेत. एकेका गेटवर जाणार आहे."

दोनच्या बसेस यायला अजून वेळ होता. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.