लवू तांडेलाचे गाऱ्हाणे

तोंडवलीत कोणाचे काही अडले, की माणसे आधी देवाकडे जात नसत, लवू तांडेलाकडे जात. कारण देवाशी बोलायचे ते लवूने. कोंबडी हरवलेली असो, मुलीचे लग्न जमत नसो, भाच्याला मुंबईच्या गिरणीत चिकटवायचे असो. लवू नारळ पुढे ठेवून, घसा खाकरून असे काही गाऱ्हाणे घाली, की आपण इतके दिवस काय करत होतो असे देवालाच वाटावे. एकेक मागणे झाले की तो थांबे आणि जमलेली मंडळी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणत. असा तो गावासाठी मागे. स्वतःसाठी त्याने कधी तोंड उघडले नव्हते.

अठ्ठावन्न सालच्या नारळी पौर्णिमेला लवूची नवी होडी पाण्यात उतरायची होती. सगळा गाव किनाऱ्यावर लोटला होता. होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, झेंडूची माळ, तिला कुंकू, तिच्यापुढे रांगोळी. लवू सकाळपासून न जेवता तिच्याभोवती फिरत होता, दुभत्या म्हशीला थोपटावे तशी तिला थोपटत होता. शेवटी त्याची बायको सुगंधा म्हणाली, “लग्नात माझ्याकडे इतक्यांदा बघूक नाय तुमी.”

पण लवू होडीकडे बघत होता ते निम्मेच. निम्मा वेळ त्याची नजर माडाखाली उभ्या असलेल्या त्याच्या जोडीदाराकडे, बाळाकडे जात होती. बाळा कंबरेवर हात ठेवून उभा होता, आणि सुकाणूवर कोण बसणार हे अजून कोणालाच ठाऊक नव्हते.

मिसरूड फुटल्यापासून लवूच्या होडीचे सुकाणू बाळाच्या हातात. दोघांचे प्रेम असे, की परक्याने ऐकले तर पोलीस बोलवावेत. बाळाला ताप आला, की लवू त्याच्या अंगणात उभा राहून, ‘मेल्या, कधी मरतलस ता तरी सांग, सरणाक लाकडा हाडूक व्हयीत,’ असे ओरडे. आणि पेजेचा टोप ओट्यावर ठेवून, आत न डोकावता चालू लागे. बाळाही तसलाच. लवूचा बाप वारला तेव्हा तो दिवसभर लवूला चिकटून बसला आणि दिवसभर बांगड्याच्या भावाबद्दल बोलत राहिला. ते दुःखच आहे, हे लवूला कळले होते. बाळालाही ते त्याला कळल्याचे कळले होते. त्याच्यापुढे दोघांपैकी कोणी गेले नाही.

आदल्या हंगामात खाडीच्या तोंडावर त्यांची होडी उलटली. पालथ्या होडीला धरून दोघे उन्हे कलेपर्यंत लाटा खात राहिले, मग देवबागेकडून येणाऱ्या एका होडीने त्यांना उचलले. त्या दिवसाबद्दल ते एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत. बाळाची कंबर मात्र तेव्हापासून दुखू लागली. मोठी समजूतदार कंबर होती ती. माडावर चढताना दुखत नसे, शिमग्यात नाचताना दुखत नसे. होडीचे नाव काढले की धरलीच. गावाला सगळे समजत होते, पण पुरुषमाणसाला भय वाटते हे म्हणायचे कोणी? आणि लवूला तर त्याहून एक गोष्ट जास्त समजत होती. गुडघाभर पाण्यात शिरले, की तो स्वतःच काहीतरी निमित्त काढून मागे फिरे.

तर अशा गर्दीत लवू नारळ घेऊन उभा राहिला.

“बा देवा म्हाराजा, ही नवी होडी तुझ्या पायाकडे हाडलंय.”

“व्हय म्हाराजा.”

“हिका वादळवाऱ्यातसून राख. जाळ्याक बरकत दी.”

“व्हय म्हाराजा.”

आता नारळ समुद्राला द्यायचा. पण लवूची नजर पुन्हा माडाखाली गेली आणि त्याची जीभ भलतीकडेच वळली.

“म्हाराजा, मी भियालंय.”

“व्हय म्हाराजा!” लोकांनी सवयीने दणक्यात सांगितले, आणि मग ते एकमेकांची तोंडे बघू लागले. पण गाऱ्हाणे एकदा सुरू झाले की मध्येच तोडायचे नाही आणि देवापुढे खोटे बोलायचे नाही, हे गावाला लवूनेच शिकवले होते. आता त्याला स्वतःलाच सुटका नव्हती.

“होडी उलाटली तेव्हा मी पोरासारखो रडलंय. ह्या बाळान माझो हात धरून ठेवल्यान, सोडल्यान नाय. आणि मी त्याका अजून एक बरो शब्द बोलूक नाय, म्हाराजा. तो नसलो तर माझो पाय ह्या होडीत पडाचो नाय.”

म्हाताऱ्या गंगारामाने तेवढे एकट्यानेच, बारीक आवाजात, “व्हय म्हाराजा” म्हटले.

बाळा वाळू तुडवत पुढे आला. लवूकडे न बघता त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि त्याने हात जोडले. जन्मात गाऱ्हाणे न घातलेला माणूस. त्याला सुरुवातच सापडेना.

“म्हाराजा, माझी कंबर बरी आसा.”

“व्हय म्हाराजा!” किनारा दणाणला.

“मी पण भियालंय. पण ह्यो रडाक लागलो म्हणान माका रडूक गावला नाय. दोघांनी रडला तर होडी कोणी धरूची?”

यावर हसावे की डोळे पुसावे हे लोकांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी दोन्ही केले. लवूने मान वळवून बाळाकडे पाहिले. एखादी खणखणीत शिवी आता येणार म्हणून सगळे थांबले. ती आली नाही. लवूने नुसता त्याचा हात घट्ट धरला, आणि बाळाने तो धरू दिला.

“आता नारळ देतल्यात, काय सांज करतल्यात?” सुगंधाने विचारले.

नारळ लाटेवर गेला. पन्नासएक खांदे होडीला लागले, ओंडक्यांवरून ती गडगडत सुटली आणि पाण्यात शिरली. बाळा सुकाणूवर, लवू त्याच्यासमोर वल्ह्यांवर. पहिल्या मोठ्या लाटेने नाळ उचलली तसे दोघांचेही चेहरे पांढरे पडले.

“भय वाटता रे?” लवूने विचारले.

“वाटता. तुका?”

“माका पण.”

“मगे वल्ही मार जोरान.”

होडी लाट चढून पलीकडे उतरली. किनाऱ्यावर आरडाओरडा, टाळ्या. पुढचे शब्द कोणाला ऐकू आले नाहीत. पण हात हलवत, माना डोलवत, दोघेही एकाच वेळी बोलत आहेत एवढे सगळ्या गावाला लांबवर दिसत होते.