शांताचा फ्रीज आन् आमचं घरकुल

सरकारी साहेब यायच्या दिवशी माणसानं घर झाडू नये. आमी झाडलं, म्हणून आमचं घरकुल गेलं.

रिठदकडं जाताना रस्त्याच्या खालच्या अंगाले आमचं घर हाय. मातीच्या भिंती, गंजलेले टिनं, टिनावर दगडं. पावसाळ्यात पाणी बाहेर कमी आन् आत जास्त! माही बायको पंचफुला उशाशी बगुनं ठेवून झोपे. बगुनं भरलं की मले उठवे. (ते ओतणं माह्याकडं होतं. साऱ्या संसारात माही तेवढीच नोकरी.) तिचं एकच म्हणणं होतं, "एक पावसाळा घरकुलाच्या पक्क्या सिलॅपखाली कोरडी झोपीन, मंग मेली तरी चालते."

एक दिवस पंचायतीचा शिपाई सांगून गेला, "उद्या घरकुलाचा सर्व्हे हाय. साहेब घराचा फोटो काढतीन."

त्यानं 'फोटो' म्हटलं आन् तिथंच घात झाला!

"फोटो दिल्लीले जाते म्हणे," पंचफुला म्हणे. "असं दळभद्री घर दाखवू का दिल्लीले?"

"अवं, दळभद्री हाय म्हणूनच तं घरकुल देतेत!"

"तुमाले लाज नाही, मले हाय."

तिनं पांढऱ्या मातीनं भिंती सारवल्या, खालून निळा पट्टा वढला, दारात रांगोळी घातली. बाजूच्या शांताच्या घरून खुर्च्या आणल्या, कपबश्या आणल्या. मंग म्हणे, "साहेबाले थंडं पाणी पाह्यजे."

"शांताच्या फ्रीजातलं आणू."

"पावण्यादेखत शेजारून पाणी आणता? काय म्हणीन तो?"

म्हणून फ्रीजच आणला! चार गड्यांनी गल्लीतून मिरवत आणला. आमच्या घरात त्याचं बटन लावाले जागा नव्हती, तं तसाच ठेवला, आत शांताकडच्या थंड्या बाटल्या. मी तरी मांगं कायले राहू? जावई पुण्याले जाताना ठेवून गेला ते फटफटी दारात लावली आन् तिच्यावर रेलून उभा राह्यलो. (मले चालवता येत नाही.)

साहेब आला. पोरगाच होता, हातात मोबाईल.

"जयभीम साहेब, बसा. थंडं पाणी घ्या."

तो घटाघटा प्याला. "आजी, फ्रीज कोणाचा?"

"आमचाच!"

"आन् गाडी?"

"यांची!" तिनं माह्याकडं बोट दाखवलं. मी मिशीवर हात फिरवला.

शांता दारातून काही बोलाले गेली, तं पंचफुलानं तिच्यावर असे डोळे वटारले का ते बिचारी पदर तोंडात कोंबून मांगं सरली. साहेबानं फोटो काढला, पंचफुला मस्त हासली, आन् त्यानं आमाले यादीतून काढून टाकलं. फ्रीज हाय, गाडी हाय, हे घर गरीब नाही!

मंग साहेब शांताच्या घरी गेला. तिथं खुर्ची नाही, कपबशी नाही, फ्रीज तं नाहीच. बसाले पोतं टाकलं तिनं. साहेबाले लय दया आली. शांताले घरकुल मंजूर!

आमी दोघं रिसोडले हापिसात गेलो. बाबू म्हणे, "फोटोत फ्रीज दिसून राह्यला ना."

"तो शांताचा हाय," मी म्हटलं.

"मंग शांताबाईचं नाव कापू?"

मी हो म्हणणारच होतो. पंचफुलानं माही बाही वढली. "चला घरी. दोघींतली एक तरी कोरडी झोपू द्या."

शांताचं सिलॅप पडलं. आमचं बगुनं चालूच होतं.

गेल्या आषाढात पंचफुला तापानं गेली. पोरगी पुण्याहून यायची होती, तवरिक ठेवाचं कुठं? टिनातून तिच्या अंगावर धारा लागल्या होत्या. शांता आली, म्हणे, "भाऊजी, बाईले माह्याकडं आणा." चौघांनी उचलली. त्यातले दोघं फ्रीज आणणारेच होते. दिवसभर सिलॅपखाली ठेवली. कोरडी झोपली बापा.

मंग शांतानं नवा फ्रीज घेतला आन् जुना, बंद पडलेला, मले आणून देला. मी त्यात पंचफुलाचे लुगडे ठेवले. घरात तेवढीच एक कोरडी जागा.

आन् या वर्षी पुन्हा साहेब आला! दुसरा होता. घर म्यां झाडलं नव्हतं. (बायको गेल्यापासून झाडतोच कोण?) पण फ्रीज समोरच.

"आजोबा, कोणाचा?"

शांता दारातून हातवारे करे, भंगार म्हणा, भंगार! मले काही तसं म्हणता आलं नाही. आत लुगडे होते.

"आमचाच हाय," मी म्हटलं. "बायकोचा."

"राहू द्या. फ्रीजचा नियम आता सरकारनं काढला. गाडीबी चालते."

"कवा काढला?"

"झाले काही दिवस."

मी हासलो. इतका हासलो का साहेब घाबरला. मंग त्याले म्हटलं, "बसा, थंडं पाणी घ्या," आन् मांगच्या दारानं शांताच्या घरी पळालो.

आता घरकुल मंजूर होईन म्हणतेत. सिलॅप पडलं की घर गळणार नाही, बगुनं भरणार नाही. जलमभर माही एकच नोकरी होती, तेबी सरकारनं घालवली!