दार बंद असतं तेव्हा

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आईपाशी नाही, संघटनेतल्या मैत्रिणींपाशी नाही — आणि जिच्यापाशी सगळ्यात आधी बोलायला हवं होतं, तिच्यापाशी तर नाहीच. तुमच्याशी बोलणं सोपं जातंय. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत नाही आहात.

मी पत्रकांवर वाढले. बाबा युनियनचं काम करायचे, आणि आमच्या घाटकोपरच्या घरात पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. अक्षरं मी त्यावरूनच गिरवली. 'आम्ही मागणी करतो.' 'आम्ही सहन करणार नाही.' पुढे मी स्वतः लिहू लागले — अपंग माणसांना घरात आणि संस्थांत कोंडून ठेवतात, त्याविरुद्ध. माझी भाषा जहाल होती. सभेत वाचलं की टाळ्या पडायच्या. त्या टाळ्या मला आवडायच्या, हेही सांगून टाकते.

नंदू माझा मावसभाऊ. माझ्याहून मोठा, उंच, रुंद खांद्यांचा. तो स्वमग्न आहे — ऑटिस्टिक. बोलतो थोडं, पण विनाकारण एक शब्द वापरत नाही. मावशी आणि तो, दोघंच मुलुंडला राहायचे. काका लवकर गेले. मावशी अंधेरीच्या एका ऑफिसात कामाला, घरी पोचायला तिला साडेसात व्हायचे. नंदूला त्याच्या केंद्राची गाडी चार वाजता सोडायची. मधल्या वेळात शेजारच्या हंसाबेन त्याच्याजवळ बसायच्या, आणि मंगळवार-शुक्रवार मी.

त्याच्यासाठी मी गोष्टी बनवायचे. साध्याच. एका पानावर एक चित्र किंवा फोटो, खाली एखाद-दुसरं वाक्य. लिफ्टमध्ये गर्दी असली तर काय होतं. केस कापताना मशीन का आवाज करतं. बाकी लोकांना न सांगता कळतं ते नंदूला असं समोर मांडलं की कळायचं, आणि एकदा कळलं की पक्कं. त्याच्या जुन्या शाळेतल्या बाईंनी मला ही रीत शिकवली होती. गोष्ट त्याच्या तोंडून लिहायची — 'मी' म्हणून. आणि बाई बजावायच्या, "हे बघ, त्याच्याकडून काय करून घ्यायचंय ते लिहू नकोस. त्याला काय समजायला हवंय ते लिही. आणि खोटं एक अक्षर नको. तो पानावर विश्वास ठेवतो."

'मदत हवी असेल तेव्हा' ही माझी सगळ्यात चांगली गोष्ट. एकदा नळ तुटून घरभर पाणी झालं, मावशी गोंधळली, तर नंदू सरळ जाऊन हंसाबेनचं दार वाजवून आला. मावशी माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "तुझ्यामुळे माझो झील माणसात इलो गो!" आनंद झाला की तिची मालवणी बाहेर यायची.

मग संघटनेच्या मंगळवारच्या बैठका सुरू झाल्या. घाटकोपरलाच, सहा वाजता. मावशीला सांगता आलं असतं ना — मला मंगळवार जमणार नाही म्हणून? तिने दुसरी सोय केली असती. पण माझा शब्द मोडलेला दिसला असता. आणि बैठकीत मी नसले तर दुसरं कुणी लिहिलं असतं. एवढंच कारण होतं. याहून मोठं शोधून बघितलं, सापडलं नाही.

पहिल्या मंगळवारी मी नंदूला पोहे दिले आणि बाहेरून लॅचला किल्ली फिरवून निघून गेले. त्या दिवशी मी वाचलेल्या पत्रकाचा मथळा होता — 'कुलपं काढा'. हो, त्याच दिवशी.

मावशीच्या आधी परत पोचले, पण घरात शिरून चपला काढते तोच हंसाबेन दारात उभ्या. "अरे, नंदू किती दार ठोकत होता! तू होती ना घरात?"

"होते ना. कानात इयरफोन होता," मी म्हटलं.

त्या हसल्या. "आजकालच्या पोरी! बॉम्ब फुटला तरी कळायचं नाही तुम्हाला."

नंदूच्या तळहातांची कातडी लाल झालेली, आणि मला भीती कसली वाटली — तर मावशीला ती दिसेल याची.

आता येतंच ते. टाळून टाळून किती टाळणार?

मी गोष्ट बनवली. 'दार बंद असतं तेव्हा'. बंद दाराचा फोटो काढला, बाकी चित्रं काढली. कधी कधी घराचं दार बंद असतं. दार बंद असलं की मी गादीवर बसतो. मी हात मांडीवर ठेवतो. मी दार वाजवत नाही. मी हाक मारत नाही. मी कुणाला बोलवत नाही. थोड्या वेळाने दार आपोआप उघडतं. शांत बसलं की मला छान वाटतं.

छान वाटतं! कुणाला विचारून लिहिलं मी ते? पत्रकात 'आम्ही' लिहिताना विचारायची सवय नव्हती. इथे 'मी' लिहिताना हात अडखळलासुद्धा नाही.

नंदूने पानं उलटली, पुन्हा उलटली. मग गादीवर बसलेल्या माणसाच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "मिनू कुठे?"

मिनू म्हणजे मी. त्याने बरोबर तेच विचारलं. आणि मी पेन घेतलं, त्या चित्रात मागे स्वयंपाकघर काढलं, आत एक वेणीवाली बाई काढली आणि खाली लिहिलं — मिनू आत आहे.

त्यानंतर दार कधी वाजलं नाही. महिनोन् महिने. मी परत यायचे तेव्हा तो गादीवर असायचा, हात मांडीवर. मी बाहेरून आत आले की तो आधी स्वयंपाकघराकडे बघायचा, मग माझ्याकडे. पानं मी माझ्याच पिशवीत ठेवायचे, मावशीला कधी दिसली नाहीत. ती उलट म्हणायची, "हल्ली किती शांत झालाय गं!"

तो रविवार होता. मी घरी झोपले होते, हे मुद्दाम सांगते, कारण त्या दिवशी मी कुठल्याही लढ्यात नव्हते. मावशी न्हाणीघरात पाय घसरून पडली. आतून कडी. खुब्याचं हाड मोडलेलं, उठता येईना. तिने नंदूला हाका मारल्या. हंसाबेनना बोलव म्हणाली. तो आला, मावशीला त्याची पावलं ऐकू आली. दारापाशी थांबला. मग पावलं परत गेली.

हंसाबेन भिंतीपलीकडेच होत्या, पण न्हाणीघरातला आवाज तिकडे पोचत नव्हता. संध्याकाळी मावशीचा डबा परत द्यायला आल्या तेव्हा नंदूने दार उघडलं आणि पुन्हा जाऊन गादीवर बसला. हात मांडीवर. तोवर मावशीचा आवाज बसलेला होता, आणि नळ चालू असल्यामुळे अंग गारठलेलं.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मामा स्ट्रेचरवरच्या मावशीवर ओरडत होते, "अगं, त्याला काय कळतंय? तू मेली असतीस तरी तसाच बसून राहिला असता! आता बस झालं, ठेवा त्याला कुठेतरी." मी तिथेच उभी होते, मावशीच्या औषधांची पिशवी धरून. नंदूला सगळं कळलं होतं. दार बंद होतं — आणि बंद दाराचं काय करायचं, ते त्याला मी शिकवलं होतं. हे एक वाक्य बोलले असते, तर त्याच्यावर शिक्का बसला नसता. नाही बोलले.

त्याला शहराबाहेरच्या एका संस्थेत ठेवलं. मावशी आता आमच्याकडे असते, वॉकर धरून चालते. मी एकदाच त्याला भेटायला गेले. तिथल्या बाई खूश होत्या. "बाकीच्यांचा काय दंगा असतो, ताई! हा मात्र गुणी. दार लावून घेतलं की हूं की चूं नाही."

मी त्यांना थँक्यू म्हटलं.

मावशी अजून मला विचारते, "तेव्हा तो परत का गेला असेल गं? माझी हाक ऐकून परत गेला. माझ्यावर रागावला होता का?" दर वेळी मी म्हणते, "नाही गं मावशी, त्याला समजलं नसेल." असं म्हणून मी त्याला पुन्हा एकदा आत ढकलते.

हे मी छापायला दिलं आहे. माझं छापून आलेलं सगळं मावशी वाचते, चष्मा पुसून, पहिल्या ओळीपासून. समोर बसून सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून तिलाही हे कागदावरूनच कळणार आहे.