जेवताना न बोलणारी सून

“हिला आजच जीपमधून घेऊन जा,” गयाबाई म्हणाल्या. “परत घरी न्यायची माझी छाती होत न्हाई.”

दौंडच्या दवाखान्यातली मागची खोली. टेबलापलीकडे बाकावर गयाबाई, त्यांचा मुलगा उत्तम आणि त्याची बायको सुशीला. उत्तम रेल्वेच्या लोको शेडमध्ये खलाशी होता, म्हणजे इंजिनांची साफसफाई करणारा मदतनीस. लग्न उन्हाळ्यातलं. आता पावसाळा सरत आला होता.

टेबलाच्या या बाजूला आमचे चीफ डॉ. बापट आणि मी. सर सायकिअॅट्रिस्ट, म्हणजे मनाच्या आजारांचे डॉक्टर. औषध देणं, अॅडमिट करणं त्यांच्या हातात. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. पेशंटशी बोलायचं, टेस्ट घ्यायच्या, रिपोर्ट लिहायचा. सत्तरच्या दशकात हे पद लोकांना माहीत नव्हतं. मला सगळे नर्स समजायचे आणि मी ते दुरुस्त करत नसे. बोलणं हेच माझं काम असलं तरी ते मला जड जायचं. माझी शाळा इंग्रजी, तीही बोर्डिंगची. इकडची मराठी मला कळायची, पण तोंडातून निघायला वेळ लागायचा. म्हणून मी बघायचे जास्त. दर बुधवारी आमच्या पुण्याच्या हॉस्पिटलची जीप दौंडला यायची आणि दुपारी चारला परत निघायची.

“नेमकं काय होतं?” सरांनी विचारलं.

“शेडचा भोंगा झाला की हातातलं टाकून उठती. अंगणात जाती आन् भिंतीकडं तोंड करून सरळ उभी ऱ्हाती. जरा येळानं आपली आपण आत येती.”

“आणखी?”

“जेवताना बोलत न्हाई. आधी डोळं मिटून पुटपुटती, मग घास. काय इचारलं तर नुसती बोटं नाचवती. शेजारीण म्हणती करणी हाय. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तवाच ते समदं सोडलं. म्हणून दवाखान्यात आणली.”

उत्तम खाली बघत म्हणाला, “माझी नाईट असली की खोलीत झोपत नाही. आईच्या उशाशी जाऊन बसते.”

सर सुशीलाकडे वळले. “भोंगा झाल्यावर उभ्या का राहता?”

“राहायचं असतं.”

“कोण सांगतं?”

“कुणी नाही.”

“तेव्हा तुम्हाला कुणाचा आवाज ऐकू येतो?”

तिनं थोडा विचार केला. “भोंग्याचा.”

उत्तमला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात दडवलं. सर हसले नाहीत.

माहेरचं विचारलं, तर गयाबाई म्हणाल्या, “म्हायेर न्हाई. पोरकी हाय. शिरूरकडच्या मिशनच्या आश्रमात वाढली. तिथल्या मोठ्या बाईंनीच लगीन लावून दिलं.” सरांनी ‘अनाथ’ एवढंच टिपलं आणि मला हळूच इंग्रजीत सांगितलं, की बोलणं तुटक आहे, हालचाली विचित्र आहेत, स्किझोफ्रेनियाची सुरुवात असू शकेल. वॉर्डात ठेवून बघू.

यात गैर काही नव्हतं. पण तो वॉर्ड मी रोज बघत होते. तिथे बऱ्या झालेल्या बायका होत्या. त्यांच्या घरी कळवलं जायचं. कुणी यायचं नाही. एकदा जीपमधून नेलेली सून परत आणायला सासरला फार मोठं मन लागतं. आणि हिला तर परत जायला दुसरं घरच नव्हतं.

आता थोडं पुस्तकातलं. एखाद्याचं वागणं ‘अॅबनॉर्मल’ आहे हे ठरवायला आम्हाला चार मोजपट्ट्या शिकवल्या होत्या. पहिली, असं वागणारे किती थोडे आहेत. दुसरी, आसपासच्या लोकांच्या रीतीला ते किती सोडून आहे. तिसरी, त्या माणसाला स्वतःला त्याचा त्रास होतो का. चौथी, त्यामुळे रोजचं काम अडतं का, कुणाला धोका होतो का. एकाच पट्टीवर निकाल द्यायचा नाही, असं प्रोफेसर दर तासाला सांगायचे. परीक्षेत हे लिहून मला चांगले मार्क मिळाले होते.

मी धीर करून गयाबाईंना विचारलं, “घरातलं काम बिघडतं का तिच्या हातून?”

“काम? भाकरी अशी करती, की शेजारणी बघाया येत्यात. तेच म्हंते मी. एवढी गुणाची पोर, आन् असं व्हावं.”

सर जेवायला गेले. गयाबाईंनी व्हरांड्यात फडकं सोडलं. भाकरी, पिठलं, ठेचा, पुडीत थोडं मीठ. मी माझा डबा घेऊन दाराशी घुटमळत होते.

“बसा की बाई,” त्या म्हणाल्या. “का आमच्यातलं चालत न्हाई?”

मी बसले. त्यांनी माझ्या डब्यातल्या सँडविचकडे बघितलं आणि काही न विचारता अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

सुशीलानं डोळे मिटले, ओठ हलवले आणि जेवायला लागली. ठेच्याचा घास घेतल्यावर डाव्या हाताची दोन बोटं जमिनीवर हलकेच टेकवली. मान खाली, कुणाकडे बघणं नाही. मी तांब्या तिच्याकडे सरकवला. ती पाणी प्याली.

गयाबाईंचा घास हातातच राहिला. “तुमाला कसं कळलं?”

आमच्या बोर्डिंगमध्येही जेवताना बोलायची बंदी होती. पाण्याची आमची खूण वेगळी होती, पण मान अशीच खाली असायची आणि हात असाच हलायचा. टेबलाच्या टोकाला बसलेल्या नन सिस्टरला दिसू नये आणि शेजारणीला मात्र कळावं, एवढाच. मीठ हवं असलं की आम्ही करंगळी वाकवायचो. मी मिठाकडे बघत सुशीलासमोर करंगळी वाकवली. तिनं मान हलवली, पालथी मूठ दाखवली आणि डोळ्यांनी मिठाकडे खूण केली. त्यांच्याकडे मिठाला मूठ होती. ती पहिल्यांदाच हसली, पण बोलली नाही. जेवण व्हायचं होतं.

हात धुतल्यावर बोलली आणि बराच वेळ बोलली. आश्रमात बेल झाली की हातातलं टाकून अंगणात रांगेत उभं राहायचं. मोठ्या बाई मोजणी करायच्या. जेवणाआधी प्रार्थना, जेवताना शब्द नाही. झोपायला एकच लांब खोली, सगळ्या मुली शेजारी शेजारी. रिकाम्या खोलीत ती जन्मात झोपली नव्हती आणि तिला खरंच भीती वाटत होती.

“आगं, तिथली शिस्त तिथं,” गयाबाई म्हणाल्या. “हितं कशाला?”

“इथं कधी बोलायचं, कधी बसायचं, ते कुणी सांगितलंच नाही,” सुशीला म्हणाली.

गयाबाईंनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली.

सर आल्यावर मी सगळं सांगितलं. बराचसा भाग अडखळत.

“पेशंटनं सांगितलं म्हणजे ते खरंच, असं नाही,” सर म्हणाले. “आश्रमात जाऊन बघून या. पुढच्या बुधवारी मला पटलं नाही, तर बेड देतो. तोवर घरी ठेवायला ते तयार आहेत का विचारा.”

विचारायला मी बाहेर आले. गयाबाईंनी ऐकून घेतलं. मग सुनेकडे बघत म्हणाल्या, “चल. पर भोंगा झाला आन् तू उठलीस, की मी हाक मारीन. तवा आत यायचं.”

“बरं,” सुशीला म्हणाली.

मी दोन एस.ट्या बदलून शिरूरला पोचले, तेव्हा आश्रमात जेवणाची वेळ झाली होती. बेल वाजली. मुली अंगणात गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून सरळ उभ्या राहिल्या. मोजणी झाली. आत रांगेत पाटांवर बसल्या, डोळे मिटले, ओठ हलले. मग ताटांचा आवाज आणि नुसत्या बोटांची ये-जा. कुठे दोन बोटं टेकत होती, कुठे मूठ पालथी होत होती, आणि टोपलीतली भाकरी संपली की वाढणारी मुलगी तळहात उलटत होती. तेवढ्यात टोकाची एक लहान मुलगी मोठ्यानं म्हणाली, “मला अजून भाकरी.” सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. सुशीलाकडे दौंडचे शेजारी जसे बघत असतील, तशाच.

“नवीन आहे,” मोठ्या बाई मला म्हणाल्या. “शिकेल.”

सुशीलाचं ऐकून त्या गंभीर झाल्या. “आमची सगळ्यात शहाणी मुलगी. म्हणून तर इतकी नीट पाळते.”

बुधवारी मी सरांसमोर उभी राहिले. रिपोर्ट हातात होता, पण वाचला नाही. चारही पट्ट्या एकेक करून लावल्या. हे वागणं दौंडला दुर्मीळ आहे, आश्रमात नाही. रीतीला सोडून आहे, पण सासरच्या. काम अडत नाही, धोका नाही. त्रास एकाच गोष्टीचा आहे, रात्री एकटं झोपायचा.

“तुमचं म्हणणं, अख्खा आश्रमच नॉर्मल?” सरांनी विचारलं.

“तिथे जेवताना बोलणारी मुलगी अॅबनॉर्मल ठरते, सर. मी बघून आले.”

मी इतकं सलग पहिल्यांदाच बोलले होते. सरांनी पेनाचं टोपण लावलं. “म्हणजे आजार नाही. बदली झालीय.”

“हो सर.”

“बदलीच्या गावी रुळायला वेळ लागतो. मला सोलापूरला वर्ष लागलं होतं. बोलवा त्यांना.”

गोळी नाही, बेड नाही. उत्तमच्या नाईटला सुशीलाचं अंथरूण सासूशेजारी घालायचं, एवढंच ठरलं. चार वाजता जीप निघाली. मागची सीट रिकामी होती. मी त्या सीटवर पाय पसरून पुण्यापर्यंत झोपले. असं मी कधी करत नाही.

हिवाळ्यात एका बुधवारी गयाबाई मला जेवायला घेऊन गेल्या. सुशीला वाढताना सतत बोलत होती. पाण्याचा नळ, शेजारणीची शेळी, उत्तमचा ओव्हरटाइम.

“आता जेवताना गप बस म्हणावं लागतंय,” गयाबाई म्हणाल्या.

“तुम्हीच बोल म्हणालात आत्या.”

“व्हय, पर मधी श्वास घे की.”

सुशीलानं मला तिसरी भाकरी घ्यायचा आग्रह केला. मी हात पुढे करणार, तेवढ्यात सुशीलाला दिसेल असा गयाबाईंचा डावा तळहात जमिनीवर हळूच उलटला. मान खाली, माझ्याकडे बघणं नाही. आश्रमात ही खूण मी पाहिली होती. म्हणजे भाकरी संपली.

“पाहुण्यांम्होरं लई बरं पडतंय हे,” त्या एरवी शेजारणींना सांगत असत, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी नुसतं म्हणाले, “पोट भरलं, आता नको.” सुशीलानं सासूकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पदरात तोंड लपवून हसायला लागली.

तेव्हापासून केस पेपरवर ‘हातांच्या विचित्र हालचाली’ असं लिहायची वेळ आली, की मी आधी पेशंटबरोबर एकदा जेवून घेते.