विमलबाईंचे हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला का सांगते आहे — तेही मला नीट कळत नाही.

इच्छापोरच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटरच्या मदरबोर्डांवर काम करायचे. बोर्डात मेमरीची पट्टी बसवायची आणि बोर्ड शेजारच्या टेबलावर सरकवायचा. शेजारी विमलबाई. आमच्याच शिरपूरकडच्या, वयाने मोठ्या. बोर्डाला पहिल्यांदा वीज त्या द्यायच्या. पडद्यावर अक्षरं उमटली की पुढे पाठवायच्या.

अंगात साचलेल्या विजेने असा बोर्ड मरतो, हे ठाऊक आहे ना तुम्हाला? सिंथेटिक कपडा अंगाला घासला तरी ती साचते. म्हणून आम्हाला सुती कोट, आत स्वेटर घालायला बंदी, आणि मनगटाला पट्टा. पट्ट्याची तार टेबलाच्या अर्थिंगला अडकवायची, म्हणजे अंगातली वीज जमिनीत उतरते. तार आखूड. ट्रे आणायला उठलं की दरवेळी काढा, परत लावा. मी — मी पट्टा बांधायचे, पण तार अडकवणं सोडून दिलं होतं. बाहीखाली लोंबत राहायची. कुणाला दिसणार?

त्या हिवाळ्यात हवा कोरडी पडली आणि बोर्ड मरू लागले. जळका वास नाही, डाग नाही. विमलबाई बटण दाबायच्या आणि पडदा काळाच राहायचा. दिवसाला दोन, कधी चार.

"पट्टो पहेर्यो छे ने, विमलबेन?" सुपरवायझर हितेशभाई गुजरातीत विचारायचे.

पट्टा असायचा. तारही अडकवलेली असायची. त्यांचं टेबल बदललं, पडदा बदलला. तरी त्यांच्यासमोर सगळं काळंच.

मला कधी कळलं? एका दुपारी. बोर्डाकडे बोट नेलं आणि मध्ये बारीकशी निळी ठिणगी — टच्. कोटाखाली मी स्वेटर घातला होता. तोच बोर्ड मी गुपचूप पुढे सरकवला. विमलबाईंनी बटण दाबलं. काळा.

तेव्हा बोलायला हवं होतं. बोललेही — पण काय? जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता, चार बायकांत म्हणाले, "विमलबाईंच्या हातातच काहीतरी आहे गं."

त्यांचा नवरा त्याच दिवाळीत गेला होता. पुढचं मला काही बोलावं लागलं नाही.

आठवडाभरात त्यांच्याजवळ जेवायला कुणी बसेना. त्यांच्या हातून पाण्याचा ग्लास कुणी घेईना. त्या आपल्याच तळहातांकडे बघत बसायच्या. एकदा मलाच विचारलं, "मन्हा हातमा काय शे वं?"

"काही नाही हो," मी म्हटलं. डबा बंद केला आणि उठले.

त्यांना कामावरून काढलं. आणि त्या दिवसापासून — हे सांगायला सगळ्यात जड जातं — मी तार अडकवू लागले. स्वेटर घरी ठेवला. बोर्ड मरायचे थांबले. कळतंय ना, काय झालं ते? सगळ्यांची खात्री पटली. विमलबाईंचीसुद्धा.

वर्षभराने मी कोसाडला त्यांच्या घरी गेले. का गेले? सांगून टाकायला, असं वाटेत तरी मला वाटत होतं. विमलबाई भिंतीला टेकून बसलेल्या, दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. संध्याकाळ झाली तरी दिवा लावलेला नव्हता. लेक स्वयंपाकघरातून आली, तिने बटण दाबलं.

"आई बटणाला हात लावत नाही," ती हळूच म्हणाली. "माझ्या पोरीलाही अजून एकदासुद्धा उचललं नाही."

पोर रांगत आजीपाशी आली, पदर ओढू लागली. विमलबाई अंग चोरून भिंतीला चिकटल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तूच ले वं तिले."

मी घेतलं. पोर माझ्या खांद्यावर हसू लागली. विमलबाई विश्वासाने माझ्या हातांकडे बघत होत्या. मी चहा प्याले, पोर लेकीकडे दिली आणि रिक्षा पकडून घरी आले.