सुमनचे बेचाळीस खाडे

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि मला जवळ बोलावलं. "ही नडगी. आणि हे बघा." पांढऱ्या हाडावर एक काळी रेघ आडवी गेली होती. "स्ट्रेस फ्रॅक्चर होतं, हाडाला आधीच बारीक चीर पडली होती. आज ते पूर्ण तुटलं."

मला वाटलं, पळताना पडली म्हणून हाड मोडलं. मी तसं म्हणालोही. डॉक्टरांनी मान हलवली. "उलटं आहे, मिस्त्री. हाड मोडलं, म्हणून ती पडली."

सतरा वर्षांची माझी सुमन समोरच्या बाकावर पाय लांब करून बसली होती. पायाला दोन फळ्या बांधलेल्या. तिनं सगळं ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

आजारातून उठलेलं आणि मैदानात जायची घाई झालेलं मूल ज्यांच्या घरात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी वर्कशॉपमधला फिटर. लिहिण्याची सवय नाही, मागचं पुढं होईल.

आणीबाणी उठल्यानंतरचं ते साल असावं. नाशिकरोडकडच्या आमच्या बौद्ध वसाहतीत पोरांनी वर्गणी काढून तालीम बांधली होती. मी तिथला वस्ताद. सकाळी तालीम, मग वर्कशॉप. तालमीच्या मागच्या पटांगणात मुली खो-खो खेळायच्या आणि त्यांत सुमन सगळ्यांत चपळ. आदल्या वर्षी जिल्ह्याच्या संघात ती राखीव खेळाडू होती, एक मिनिटसुद्धा मैदानात उतरली नव्हती. अठरा वर्षांखालच्या मुलींच्या गटात खेळायचं हे तिचं शेवटचं वर्ष. डिसेंबरात निवड चाचणी होती.

तालमीच्या दाराशी एक पाटी होती. जो चुकेल त्याचा खाडा त्या पाटीवर खडूनं लिहायचा आणि तो भरून काढायचा. भरून काढायचा म्हणजे एका दिवशी दोन दिवसांचा व्यायाम करायचा, मग एक खाडा पुसायचा. लग्न असो की मयत, कुणाला माफी नव्हती. हा नियम माझाच, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

भाद्रपदात सुमनला ताप भरला. साधा ताप म्हणून चार दिवस काढले. पाचव्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त काढून विडाल टेस्ट केली. टायफॉईडचे जंतू अंगात शिरलेत का, ते या तपासणीत समजतं. टायफॉईडच निघाला. तीन आठवडे ताप चढत-उतरत राहिला. पुढचे तीन आठवडे मऊ भात, ताक आणि भिंतीला धरून मोरीपर्यंत जाणं. वेणी घालताना तिच्या आईच्या हातात केसांचे पुंजके यायचे, ते ती पदराखाली लपवायची.

सहा आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, "आता हळूहळू सुरू करायला हरकत नाही."

हळूहळू म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. मला सगळं येतं अशी माझी समजूत. पहिले चार दिवस अर्धा व्यायाम, पाचव्या दिवसापासून पूर्ण, असा हिशेब मी लावला. आणि पाटीवर माझ्या हातानं लिहिलं, 'सुमन – ४२'. आजारपणाचे खाडे धरायचे की नाही, असा प्रश्न तालमीतल्या एका पोरानं विचारला होता. "घरच्यांना सूट दिली तर बाहेरच्यांना काय सांगू?" असं मी त्याला सुनावलं. सुमन हसली होती तेव्हा. तिला ते आव्हानच वाटलं. रोज दुप्पट पळायची आणि संध्याकाळी येऊन स्वतः एक आकडा कमी करायची.

तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखायला लागली. बोटाच्या एका पेराएवढी जागा, तिथंच दुखायचं. पळायला लागलं की कळ, थांबलं की कमी. मी आंबेहळदीचा लेप लावला, तेल लावून अंगठ्यानं दाबून चोळलं. ती ओठ चावून गप्प राहायची. मला वाटलं, माझ्या हाताला गुण आहे.

"पोरगी पाय ओढत चाललीय, दिसत नाय का तुम्हाला?" तिची आई एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

"अंग आंबलंय. मोकळं होईल," मी म्हणालो.

तरी जवळच्या एका दवाखान्यात नेऊन फोटो काढला. फोटोत काही दिसलं नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, "हाड तर ठीक दिसतंय. थोडे दिवस आराम द्या." त्यातलं पहिलं वाक्य मी घेतलं आणि दुसरं तिथंच सोडून आलो. घरी येताना सुमनला म्हणालो, "बघ, हाड ठणठणीत आहे. मनातनं काढून टाक." मनातनं तिनं काढून टाकलं असेल. ती तशीच गुणी होती.

सोमवारी तालीम बंद असायची. रविवारी कुस्तीच्या हौद्यातली लाल माती खणायची, तीत तेल, ताक, हळद मिसळायची आणि सोमवारी तिच्यावर कुणी पाऊल ठेवायचं नाही. माती मुरू द्यायची. नाहीतर ती दगडासारखी होते, पडणाऱ्याला लागतं. हे मला माझ्या वस्तादांनी शिकवलं होतं. कुणी चुकून सोमवारी हौद्यात उतरला तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो.

पण सुमनला मी सोमवारीही सोडलं नाही. तिच्या बेचाळीस खाड्यांतही मी सोमवार धरले होते. कालव्याच्या रस्त्यावर ती पुढे पळायची आणि मी मागून सायकल चालवायचो. त्या सोमवारी पाटीवर आठच खाडे उरले होते. चाचणीला पंधरा दिवस होते. तिसऱ्या मैलाच्या दगडापाशी मला काटकी मोडल्यासारखा आवाज आला. सायकलखाली काही आलं असं वाटून मी खाली बघितलं. वर पाहिलं तर सुमन रस्त्यावर बसली होती, दोन्ही हातांनी पाय धरून. रडत नव्हती. "दादा, मी मुद्दाम नाही पडले," म्हणाली.

मुलं मला दादाच म्हणायची. त्या वाक्यानं मी आजही कधीकधी जेवता जेवता थांबतो.

टांगा मिळेपर्यंत पाऊण तास गेला. फिटरच्या हातांना नेहमी काहीतरी करायला असतं. पान्हा, स्क्रू, निदान पुसायला फडकं. त्या पाऊण तासात मला काहीच करता येत नव्हतं. तिचं डोकं मांडीवर घेऊन मी रस्त्याकडे बघत बसलो.

फिल्म दाखवणारे हे हाडांचे डॉक्टर पूर्वी सैन्यात होते, देवळाली कॅम्पात. त्यांनी असे पाय पुष्कळ पाहिले होते. "नवे रंगरूट येतात ना, गावाकडचे धट्टेकट्टे पोरगे. महिनाभरात पाच-सहा जण लंगडायला लागतात. फोटो काढला तर साफ. दोन-तीन आठवड्यांनी परत काढला की रेघ दिसते."

मग त्यांनी मला स्ट्रेस फ्रॅक्चर समजावलं. पळताना प्रत्येक पावलाला हाडाला अगदी बारीक इजा होते. ती वाईट नाही. शरीर ती भरून काढतं आणि हाड आधीपेक्षा मजबूत होतं. पण भरायला वेळ लागतो. आजारातून उठलेल्या शरीराला तर जास्तच. तो वेळ दिला नाही तर इजेवर इजा चढते, चीर पडते, आणि एक दिवस साध्या पावलालाही हाड तुटतं.

"आठवड्यातला कुठला दिवस रिकामा ठेवता?" त्यांनी विचारलं.

"सोमवार, साहेब. माती मुरायला ठेवतो."

"आणि मुलगी?"

"तिला कालव्यावर पळवतो."

"म्हणजे मातीला सुट्टी आहे," डॉक्टर एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी बाहेर येऊन व्हरांड्यात बसलो. आत प्लास्टर घालताना हाड सरळ ओढतात. सुमनचा ओरडण्याचा आवाज ऐकू आला आणि निरोप मिळून पोचलेल्या तिच्या आईनं माझा दंड घट्ट धरला.

मांडीपर्यंत प्लास्टर. सहा आठवड्यांनी फोटो, मग पुन्हा सहा आठवडे. दर वेळी सकाळी नऊपासून त्या लाकडी बाकावर आम्ही बसायचो. नंबर कधी दुपारी लागायचा. शेजारी प्लास्टर घातलेली माणसं, त्यांचे नातेवाईक, डबे, थर्मास. कुणी विचारलं, "कशानं झालं?" की सुमन सांगायची, "खेळताना." माझं नाव तिनं कधी घेतलं नाही.

चाचणीचा दिवस मला विसरता येत नाही. मैदान आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर होतं. सकाळी शिट्ट्या ऐकू यायला लागल्या, मग मुलींचा 'खो'चा आवाज. मी कामावर गेलो नव्हतो. खिडकी लावावी की नको, मला कळेना. शेवटी सुमनच म्हणाली, "राहू द्या उघडी."

मग छताकडे बघत तिनं विचारलं, "दादा, आता तेवीस झाले असतील ना?"

"काय तेवीस?"

"खाडे. आठ राहिले होते आणि हे पंधरा. बरी झाले की भरून काढीन."

मी उठलो. कुणाला काही न सांगता तालमीत गेलो. भरदुपारी तिथं कुणी नव्हतं. पाटी भिंतीवरून काढली आणि सदऱ्याच्या बाहीनं पुसली. सगळ्यांचीच नावं पुसली. मग हौद्याच्या काठावर बसून लहान मुलासारखा रडलो. तुटलेलं बेअरिंग बदलता येतं, घासलेला ब्रेक बदलता येतो. इथं मला नुसती वाट बघायची होती आणि तेच मला येत नव्हतं.

ते वर्ष गेलं. मुलींच्या गटात सुमन पुन्हा खेळली नाही, खेळताच येणार नव्हतं. हे मी गोड करून सांगणार नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा पाय मनगटाएवढा झाला होता. डॉक्टरांनी एका कागदावर लिहून दिलं. एक दिवस चालणं, एक दिवस पूर्ण आराम. दुखलं तर दोन पावलं मागं यायचं. पळणं मे महिन्यानंतर, तेही थोडं पळायचं, थोडं चालायचं, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी. मला म्हणाले, "मिस्त्री, सुट्टीचा दिवस हाही व्यायामाचाच भाग आहे. तो चुकवायचा नाही." हे मात्र मला समजेल अशा भाषेत होतं.

आरामाचे दिवस सगळ्यांत कठीण गेले. सुमन उंबऱ्यावर बसून पाय हलवायची आणि मी अंगणात येरझाऱ्या घालायचो. तिची आई आम्हा दोघांना शेंगा निवडायला बसवायची.

जूनमध्ये आम्ही पुन्हा कालव्याच्या रस्त्यावर गेलो. ती पुढे, मी सायकलवर मागं. माझं सगळं लक्ष तिच्या डाव्या पायावर. ती चांगली पळत होती, मला वाटलं होतं त्याहून चांगली. दुसरा मैलाचा दगड गेला. जुनी खोड वर आली, तोंडात शब्द आले, 'चल, अजून थोडं.' मी ते गिळले.

तेवढ्यात ती स्वतःच थांबली. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "दादा, आज एवढंच. पुरे."

सतरा-अठरा वर्षांत तिच्या तोंडून 'पुरे' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. तो म्हणायची सोय मी घरात ठेवलीच नव्हती.

मी सायकलवरून उतरलो आणि ती हातात धरून वळवली. आम्ही दोघं चालत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सोमवार नव्हता, तरी तिची सुट्टी होती.